मिलान ते पोंत्रेझिना : साध्या गाडीने, बेताच्या खर्चात
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

इटलीची सहल ठरवायला येणारी बरीच कुटुंबं शेवटी एक प्रश्न विचारतात: मिलानपर्यंत जातोच आहोत, तर दोन दिवस आल्प्समधल्या एखाद्या गावात राहता येईल का, आणि ते परवडेल का? परवडतं. फक्त मिलानहून गावापर्यंतचं एकच तिकीट शोधत बसू नका आणि गाडीच्या नावाला भुलू नका. आम्ही ज्या गावाची शिफारस करतो ते पोंत्रेझिना. स्वित्झर्लंडच्या एंगादिन खोऱ्यातलं, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर, सेंट मॉरित्झच्या अगदी शेजारी.

हा प्रवास दोन तुकड्यांत करायचा. मिलान ते तिरानो (इटलीचं सीमेवरचं गाव) इटलीच्या गाडीने आणि तिरानो ते पोंत्रेझिना स्विस गाडीने. तिकिटं दोन, गाड्या दोन, मध्ये चालत दोन मिनिटांचं अंतर.

पहिला तुकडा : मिलान ते तिरानो

मिलानो चेंत्राले स्टेशनातून ट्रेनोर्द या कंपनीची प्रादेशिक गाडी साधारण दर दोन तासांनी सुटते आणि अडीच तासांत तिरानोला पोचते. लेक्को शहरापासून ती कोमो सरोवराच्या पूर्व काठाने जाते, त्यामुळे जाताना डाव्या हाताची खिडकी धरा. या गाडीला आरक्षण नसतं, आणि भाडं ठरलेलं असतं. महिनाभर आधी काढलं म्हणून स्वस्त मिळत नाही, सकाळी स्टेशनात काढलं म्हणून महाग पडत नाही. माणशी १३ युरोच्या आसपास धरून चाला. आमच्याकडे येणारे लोक या तिकिटासाठी उगाच घाई करतात. व्हिसा हातात येईपर्यंत ते काढायची काहीही गरज नाही.

कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवा. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो आणि परदेशी पाहुणा म्हणून सूट मिळत नाही.

शनिवार-रविवारी सकाळी मिलानकर मोठ्या संख्येने सरोवराकडे निघतात, गाडी खच्चून भरते. मोठ्या बॅगा आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर मधल्या वाराला निघा आणि सुटण्याआधी वीसेक मिनिटं फलाटावर हजर राहा. वाटेत वारेन्ना हे सरोवराकाठचं गाव पाहायचं असेल तर लोम्बार्दी प्रांताचा एक दिवसाचा प्रवास पास मिळतो. त्यावर प्रांतातल्या प्रादेशिक गाड्यांत कितीही वेळा चढता-उतरता येतं. नुसतं सरळ तिरानो गाठायचं असेल तर तो पास घेऊ नका, साधं तिकीट स्वस्त पडतं.

इटलीत रेल्वेचे संप अधूनमधून होतात, पण ते आधी जाहीर होतात. स्टेशनातल्या फलकावर ‘शोपेरो’ (sciopero, म्हणजे संप) दिसलं की समजा. संपाच्या दिवशीही, कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरलेल्या गाड्या सोडाव्याच लागतात. निघण्याच्या आठवड्यात संप आणि रुळांच्या दुरुस्तीची कामं, दोन्ही तपासा. काम चालू असेल तेव्हा काही टप्प्यात गाडीऐवजी बस देतात आणि वेळ वाढतो.

दुसरा तुकडा : खरी मेजवानी

तिरानोला इटालियन स्टेशनातून बाहेर पडलात की शेजारीच रेशियन रेल्वे या स्विस कंपनीचं, लाल गाड्यांचं छोटं स्टेशन आहे. इथून वर जाणारा बर्निना मार्ग १९१० साली पूर्ण झाला आणि २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिरानो ४२९ मीटरवर, आणि मार्गाचा माथा, म्हणजे ओस्पिझिओ बर्निना स्टेशन, २,२५३ मीटरवर. एवढा चढ गाडी दातेरी रुळाशिवाय, नेहमीच्याच रुळांवर चढते. काही ठिकाणी शंभर मीटरला सात मीटर इतका तो तीव्र आहे. म्हणूनच मार्ग सतत वळणं घेतो. ब्रुझिओला तर गाडी स्वतःच्याच वाटेखालून निघून, वर्तुळ घेत नऊ कमानींच्या गोल पुलावर चढते.

आता पैशांचं. या मार्गावर दोन प्रकारच्या गाड्या धावतात. एक बर्निना एक्सप्रेस, छतापर्यंत काचा असलेली. तिला तिकिटाशिवाय वेगळं आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. स्विस ट्रॅव्हल पास (ठरावीक दिवस स्विस गाड्यांत फिरायचा पास) असला तरी आरक्षणाचे पैसे सुटत नाहीत. दुसरी साधी प्रादेशिक गाडी. ती दिवसभर साधारण तासातासाने असते, आरक्षण लागत नाही, तिरानो ते पोंत्रेझिना दुसऱ्या वर्गाचं भाडं तीसेक स्विस फ्रँक. रूळ तेच, पूल तेच, हिमनदी तीच. शिवाय साध्या गाडीच्या बऱ्याच डब्यांत खिडकी उघडते, त्यामुळे फोटोत काचेचं प्रतिबिंब येत नाही, आणि वाटेत आल्प ग्र्यूमला उतरून तासाभराने पुढची गाडी पकडता येते. आम्ही ग्राहकांना साधीच गाडी सुचवतो. आमचा त्यात फायदा कमी आहे, पण तुमचा दिवस जास्त चांगला जातो याबद्दल आम्हाला शंका नाही.

पोंत्रेझिनाला पोचायला दोन ते सव्वादोन तास लागतात. जाताना पुन्हा डावी बाजू. माथ्यावर लागो बियांको सरोवर दिसेल. त्याचं पाणी दक्षिणेला पो नदीतून एड्रियाटिक समुद्रात जातं, आणि लगतच्या छोट्या तळ्याचं पाणी इन आणि डॅन्यूब नद्यांतून काळ्या समुद्रात. मुलांना हे आधी सांगून ठेवा, ती खिडकीला चिकटून बसतात.

काही लहान थांबे मागणीवरचे आहेत. डब्यातलं बटण दाबलं तरच गाडी थांबते.

पास घ्यावा का?

फक्त पोंत्रेझिनाला जाऊन परत यायचं असेल तर पास घेऊ नका, सुटी तिकिटं काढा. स्विस ट्रॅव्हल पास तिरानोपासून चालतो, पण पुढे लुत्सर्न, इंटरलाकेन, झुरिक असा फेरा असेल तरच त्याचे पैसे वसूल होतात. मुलं सोळा वर्षांखालची असतील तर मात्र हिशेब बदलतो. आई-वडिलांपैकी एकाकडे पास असला की मुलांना फॅमिली कार्डावर फुकट नेता येतं. महिनाभर चालणारं हाफ फेअर कार्ड पर्यटकांनाही मिळतं आणि बहुतेक स्विस गाड्यांचं भाडं निम्मं होतं. तुमची एकूण स्विस भाडी कार्डाच्या किमतीच्या दुपटीहून जास्त होत असतील तर ते घ्या. पोंत्रेझिनाहून त्याच दिवशी थेट झुरिकला जाणार असाल तर सेव्हर डे पास (एका दिवसाचा स्विस पास) बघा. तो जितका आधी काढाल तितका स्वस्त मिळतो, पण परत करता येत नाही. त्यामुळे व्हिसा आल्यावरच.

मुक्काम

खर्चाचा मोठा भाग गाडीचा नसतो, रात्रीचा असतो. एक रात्र तिरानोत काढली तर राहणं आणि जेवण इटलीच्या दरात होतं आणि सकाळी ताजेतवाने वर निघता. पोंत्रेझिनात हॉटेलपेक्षा स्वस्त हवं असेल तर स्टेशनासमोरच युथ हॉस्टेल आहे. तिथे कुटुंबांनीही राहायला हरकत नाही. खोली ठरवताना पाहुण्यांच्या कार्डात (मुक्कामी लोकांना मिळतं ते) स्थानिक बस, गाडी किंवा रोपवे समाविष्ट आहे का हे आधी विचारा, त्यावर चांगले पैसे वाचू शकतात.

एप्रिल-मे आणि नोव्हेंबरमध्ये खोल्या स्वस्त दिसतील. तेव्हा रोपवे आणि पुष्कळ हॉटेलं बंद असतात. उन्हाळी सुट्टी म्हणून मे महिना ठरवणाऱ्यांना आम्ही जूनच्या उत्तरार्धापर्यंत थांबायला सांगतो. शाळेमुळे जमत नसेल तर पोंत्रेझिना पुढच्या वेळेसाठी ठेवा आणि मे महिन्यात कोमोच्या काठी राहा.

पैसे न देता करण्यासारखं बरंच आहे. मोर्तेराच हिमनदीकडे जाणाऱ्या वाटेवर ती कोणत्या साली कुठपर्यंत होती याचे फलक लावले आहेत. मुलांबरोबर तिथून चालत जाणं हा या सहलीचा सर्वांत मोलाचा भाग आहे असं आमचं मत आहे. रोझेग खोऱ्यातली वाट ज्येष्ठांनाही झेपते.

व्हिसा आणि किरकोळ पण महत्त्वाचं

इटली आणि स्वित्झर्लंड दोन्ही शेंगेनमध्ये आहेत, एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. इटलीत सहा आणि स्वित्झर्लंडमध्ये दोन रात्री असतील तर इटलीकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तिरानोला कस्टम तपासणी होऊ शकते, पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

पेढे, बर्फी, तूप, मांसाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात न्यायला मनाई आहे. चिवडा, चकली, खाकरा बिनधास्त न्या. स्वित्झर्लंडमध्ये उपाहारगृह महाग, म्हणून वर न्यायचं खाण्याचं सामान तिरानोच्या किंवा मिलानच्या दुकानातून घेतलेलं बरं.

इटलीचं सिमकार्ड स्वित्झर्लंडमध्ये त्याच दरात चालेलच असं नाही, तो देश युरोपीय संघात नाही. सीमा ओलांडण्याआधी डेटा बंद करा आणि नकाशे, तिकिटं फोनमध्ये उतरवून ठेवा. चार्जरला दोन गोल पिनांचा सपाट प्लग असेल तर दोन्ही देशांत बसतो, इटलीचा तीन पिनांचा प्लग स्विस सॉकेटमध्ये बसत नाही.

आमच्याकडे येताना

प्रवासाच्या तारखा, मुलांची जन्मसालं, मिलानला उतरण्याची आणि परतीच्या विमानाची वेळ, आणि कुणाला पायऱ्या किंवा उंचीचा त्रास होतो का, एवढं लिहून आणा. विमान दुपारनंतर मिलानच्या मालपेन्सा विमानतळावर उतरत असेल तर त्याच दिवशी वर जायचा बेत आम्ही आखत नाही, पहिली रात्र मिलानमध्येच धरतो. वेळापत्रकं डिसेंबरच्या मध्यावर बदलतात, भाडीही अधूनमधून बदलतात, त्यामुळे अंतिम आकडे तुमच्या तारखा नक्की झाल्यावर आम्ही तुमच्यासमोर बसून काढून देतो.