कोरड्या सोयाबीनला 50 ची कपात का लागली?

आमच्या काकांची परभणीच्या मोंढ्यात आडत आहे, मागच्या सीझनला पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या, काढायला मी त्यांना एक छोटा प्रोग्राम करून दिला. त्यात लिहिलं, ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला तर कपात 50 रुपये. कोरड्या मालाचं काय ते लिहायचंच राहिलं! मग ओल्या मालाच्या मागं ज्याचा कोरडा माल आला त्याचेबी 50 कापले, कारण कपातीच्या खान्यात आधीच्याचाच आकडा पडून होता. काका म्हणले, "अरे, लोकं भांडायलेत की इथं!"

चूक माझीच, पण थोडी इफचीबी आहे, म्हणजे प्रोग्राममधल्या 'जर असं झालं तर' ची. इफ दोन जातीचं असतं. एक नुसतं वाट दाखवतं, माझं तसलंच होतं. 1957 च्या फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेमध्ये तर इफपुढं तीन लाइनींचे नंबर द्यायचे, आकडा मायनस आला तर इकडं जा, शून्य तर तिकडं, प्लस तर तिसरीकडं. दुसरं इफ उत्तर देतं, म्हणजे अख्ख्या इफचीच एक किंमत येते. हे जॉन मॅकार्थी या कॉम्प्युटर शास्त्रज्ञाला बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिताना सुचलं, त्यानं फोरट्रानमध्येच तसं फंक्शन केलं पण ते दोन्ही बाजू आधी काढून बसायचं, म्हणजे चहा का कॉफी विचारायचं आन दोन्ही उकळून ठेवायचं. लागंल तेवढीच बाजू काढायची हे मग त्यानं केलेल्या लिस्प भाषेमध्ये जमलं.

सी भाषेमध्ये साध्या इफला किंमत नाही, त्यासाठी प्रश्नचिन्ह आणि कोलनवालं वेगळं प्रकरण आहे. पायथन भाषेत 2006 पर्यंत किंमत देणारं इफ नव्हतं, लोकं अँड-ऑर (आणि-किंवा) जोडून जुगाड करायचे. माझ्या हिशोबात तो जुगाड असा झाला असता: ओलावा 12 पर्यंत अँड 0 ऑर 50. दिसायला बरोबर, पण पायथन शून्याला खोटं धरतो, त्यामुळं तो पुढं सरकून 50 च उचलतो, म्हणजे कोरड्याला परत कपात!

कोटलिन किंवा रस्ट या भाषांमध्ये कपात बरोबर इफ असं लिहिलं आन एल्स, म्हणजे 'नाहीतर', विसरलं तर कंपायलर (लिहिलेलं तपासून मशीनच्या भाषेत नेणारा) प्रोग्राम चालूच देत नाही, कोरड्याचं काय ते आधी सांग म्हणतो. मला हे लई आवडतं.

आता पायथनमध्येच एका ओळीत लिहिलंय, 50 इफ ओलावा 12 च्या वर एल्स 0. काकांना दाखवलं तर म्हणले, "आन बरोबर 12 आला तर?"