बॉकफ्योर्डचे कोमट झरे : पार्श्वभूमी

आर्क्टिक महासागरातील स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहातील स्पिट्सबर्गेन बेटाच्या वायव्य भागात, सुमारे ७९ अंश उत्तर अक्षांशावर, बॉकफ्योर्ड ही खाडी आहे. तिच्या काठी जमीन खोलवर कायम गोठलेली असूनही ट्रोल आणि योतुन या झऱ्यांच्या दोन समूहांतून सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी वर येते. कोमटच म्हणावे असे हे पाणी तिथवर न गोठता पोहोचते, याचेच मला सर्वाधिक नवल वाटते.

या परिसरातील लाव्हाथर, ज्वालामुखी आणि उष्ण झरे यांचे वर्णन आदॉल्फ हूल आणि ओलाफ होल्तेदाल या नॉर्वेजियन भूवैज्ञानिकांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केले. जवळच स्वेरेफ्येल हा ज्वालामुखी असल्याने उष्णतेचे श्रेय त्याला द्यावेसे वाटते. परंतु तो लाखो वर्षांपूर्वीच शांत झालेला आहे, आणि खरी वाट करून दिली आहे ती खडकातील जुन्या मोठ्या भ्रंशाने, म्हणजे जिथे खडक तुटून एकमेकांवरून सरकले आहेत त्या चिरेने. पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी भेगांतून खोल उतरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि या भ्रंशालगतच्या भेगांतून वर चढते. त्याच्या सततच्या प्रवाहामुळे गोठलेल्या थरातील ही वाट बंद होत नाही.

त्याचे रसायनही या वाटेतच घडते. कार्बन डायऑक्साइड मिसळलेले पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि वाटेतील संगमरवर विरघळवून कॅल्शियम व बायकार्बोनेट सोबत आणते. पृष्ठभागावर दाब उतरताच वायू निसटतो, विरघळलेला चुना पाण्यात राहू शकत नाही आणि कॅल्साइटच्या रूपाने खाली बसतो. कुंडाच्या कडेवरून पाण्याचा पातळ पापुद्रा ओघळतो तिथे वायू लवकर सुटतो, म्हणून कड वाढत जाते आणि तिच्यामागे पाणी साचते. ट्रोल झऱ्यांपाशी एकाखाली एक अशी ट्रॅव्हर्टाईनची, म्हणजे झऱ्याच्या पाण्यातून साचलेल्या चुनखडकाची, सोपाने याच रीतीने उभी राहिली आहेत. ही सोपाने पायाखाली सहज मोडतात, त्यामुळे तिथे जाणाऱ्याने त्यांवर पाऊल न ठेवणे हेच योग्य.

स्वेरेफ्येलच्या लाव्हातील कार्बोनेटचे बारीक गोळे, अंटार्क्टिकात १९८४ मध्ये सापडलेल्या मंगळावरून आलेल्या एएलएच ८४००१ या उल्कापाषाणातील गोळ्यांशी मिळतेजुळते आहेत. म्हणूनच मंगळासाठीची उपकरणे तपासणाऱ्या वैज्ञानिक मोहिमा २००३ पासून या खाडीकडे वळल्या.