परदेशातून परतलेल्या निवृत्तांचा आयकर (ग्रामीण विदर्भ)

परदेशात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस कायमचा गावी परत आला की तिकडून येत राहणाऱ्या पैशावर, म्हणजे पेन्शन, बँकेचं व्याज, तिकडच्या घराचं भाडं, शेअरचा डिव्हिडंड वगैरेवर, भारतात आयकर कधी लागतो, किती लागतो आणि लागत नसला तरी सरकारला काय काय सांगावं लागतं, याचा हा विषय. विदर्भातल्या गावात आखातात ड्रायव्हर-फोरमन म्हणून राहिलेले आणि अमेरिका-इंग्लंडात इंजिनिअर-नर्स म्हणून राहिलेले असे दोन्ही प्रकारचे लोक भेटतात आणि दोघांचा हिशोब एकदम वेगळा निघतो. पारावर मात्र दोनच मतं चालतात, एक म्हणजे तिकडून आलेल्या प्रत्येक पैशावर टॅक्स, आणि दुसरं म्हणजे तिकडे एकदा कापला ना, मग इथे परत काहून भरायचा बाप्पा. दोन्ही चूक. माणूस वर्षात किती दिवस भारतात राहिला, यावर जवळपास सगळं ठरतं, पैसे कुठल्या बँकेत पडलेत ते नंतरचं.

कायद्याचं सांगायचं तर आतापर्यंत सगळं १९६१ च्या आयकर कायद्यावर चाललं, १ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला. त्यात असेसमेंट इयर जाऊन नुसतं टॅक्स इयर राहिलंय, पण रहिवासी कोण हे ठरवायची मूळ पद्धत तीच आहे. खाली जे कलमांचे आणि फॉर्मचे नंबर येतात ते जुन्या कायद्यातले समजायचे.

दिवस मोजणं

आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात काढले की माणूस रहिवासी. दुसरी अट अशी की त्या वर्षी ६० दिवस आणि मागच्या ४ वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले तरी रहिवासी. नुसता भेटीला येणाऱ्या भारतीय नागरिकाला किंवा भारतीय वंशाच्या माणसाला या ६० च्या जागी १८२ ची सूट आहे, पण २०२० च्या दुरुस्तीनंतर त्याचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १२० दिवसच धरतात. हा १२० वाला नियम गावातल्या बहुतेकांना लागत नाही, ज्यांचे नागपुरात भाड्याचे गाळे वगैरे आहेत त्यांनी बघावं.

१ ऑक्टोबरला विमानातून उतरलेल्या माणसाचे ३१ मार्चपर्यंत बरोबर १८२ दिवस होतात, लीप वर्ष नसेल तर. २ ऑक्टोबरला उतरला तर १८१. एका दिवसाने त्या वर्षाचा दर्जा बदलू शकतो. म्हणून पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के हाच खरा पुरावा, आणि जुना पासपोर्ट रद्द झाला तरी फेकायचा नाही, सगळ्या पानांची झेरॉक्स काढून सातबाराच्या फायलीतच ठेवली तरी चालेल पण ठेवायची.

मधली मोकळी वर्षं

परत आल्याबरोबर माणूस पूर्ण रहिवासी होत नाही, मधे एक पायरी आहे, तिला सीए लोक आरएनओआर (रहिवासी, पण साधारण रहिवासी नाही) म्हणतात. मागच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी असेल, किंवा मागच्या ७ वर्षांत मिळून ७२९ किंवा कमी दिवस भारतात राहिला असेल, तर हा दर्जा मिळतो. या काळात परदेशात कमावलेल्या आणि परदेशातच हातात पडलेल्या उत्पन्नावर भारतात टॅक्स नाही. अपवाद फक्त इथून चालवलेल्या धंद्याचा किंवा इथे सुरू केलेल्या व्यवसायाचा.

किती दिवस मिळतात हे येण्याच्या महिन्यावर आहे. वीस वर्षं बाहेर राहिलेला, दरवर्षी महिनाभर सुटीवर येणारा माणूस धरा. तो १० जूनला पेरणीच्या तोंडावर आला तर त्या वर्षी त्याचे २९५ दिवस भरतात, म्हणजे ते वर्ष आणि पुढचं वर्ष आरएनओआर, तिसऱ्या वर्षी २९५ अधिक ३६५ अधिक जुन्या सुट्यांचे दीडशे धरून आकडा ८१० वर जातो, ७२९ ची मर्यादा मोडते आणि तो पूर्ण रहिवासी होतो. तोच माणूस १ नोव्हेंबरला, कापूस वेचणीच्या दिवसात, आला आणि त्या वर्षी आधी चक्कर झालेली नसली तर १५१ दिवसच होतात, ते वर्ष अनिवासी म्हणूनच जातं आणि पुढची दोन पूर्ण वर्षं आरएनओआर. म्हणजे पहिल्याला साधारण २२ महिने मोकळे आणि दुसऱ्याला २९. तिकडचं घर विकायचं, शेअर काढायचे, रिटायरमेंट खातं मोडायचं असेल तर ते याच काळात उरकलेलं बरं, त्या देशाचा टॅक्स लागेल तो लागेल पण भारताचा तरी वाचतो. बहुतेक लोक हा काळ घर बांधण्यात आणि लग्नकार्यात घालवतात आणि सीएकडे चौथ्या वर्षी जातात.

यात एक फट आहे ती फार कमी जण सांगतात. पेन्शन थेट गावच्या किंवा तालुक्याच्या बँकेतल्या खात्यात जमा करून घेतली तर ती भारतात मिळालेली कमाई धरतात आणि मग आरएनओआर असला तरी टॅक्स लागतो. तीच पेन्शन आधी तिकडच्या खात्यात पडली आणि नंतर इकडे वळती केली तर तो आपलाच पैसा इकडून तिकडे हलवणं झालं, त्यावर टॅक्स नाही. सोय म्हणून लोक आल्या आल्या पेन्शनच्या फॉर्मवर भारतातलं खातं लिहून मोकळे होतात, तिथेच पैसे जातात.

यातूनच पारावरच्या पहिल्या मताचं उत्तर मिळतं. जुनी शिल्लक आणणं म्हणजे उत्पन्न नव्हे. अनिवासी असताना कमावलेले चाळीस लाख एकदम आणले तरी आणण्याबद्दल टॅक्स नाही, फक्त ते कुठून आले याचा कागद, म्हणजे तिकडचं बँक स्टेटमेंट आणि इकडच्या बँकेचं पैसे परदेशातून आल्याचं (रेमिटन्सचं) सर्टिफिकेट, जवळ पाहिजे. त्या चाळीस लाखांची इथे एफडी केली तर तिच्या व्याजावर मात्र टॅक्स आहे.

खात्यांचं काय

एनआरई खात्याच्या, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायला अनिवासी माणूस इथे जे रुपयांचं खातं उघडतो त्याच्या, व्याजावर टॅक्स नाही, पण ही सूट फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने माणूस बाहेरचा रहिवासी असेपर्यंतच. फेमामध्ये कायमचं राहायला आला त्या दिवसापासून दर्जा बदलतो, तिथे १८२ दिवसांची वाट पाहत नाहीत. म्हणजे आयकरात आरएनओआर आणि फेमात पक्का रहिवासी असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं. बँकेला कळवून एनआरई खातं साधं करून घ्यायचं किंवा पैसे आरएफसी खात्यात टाकायचे, ते डॉलर-पाउंडातच राहतं आणि आरएनओआर असेपर्यंत त्याच्या व्याजाला सूट आहे. एफसीएनआर, म्हणजे अनिवासी असताना परकीय चलनात केलेली ठेव, मुदत संपेपर्यंत तशीच चालते. अडचण अशी की तालुक्याच्या शाखेत आरएफसी म्हटलं की मॅनेजर साहेबच विचारतात ते काय असते, अशा कामाला नागपूर-अमरावतीच्या परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेतच जावं लागतं. परदेशात असताना घेतलेलं तिकडचं घर, शेअर, खातं परत आल्यावरही ठेवता येतं, फेमाच्या कलम ६(४) मध्ये तशी मोकळीक आहे.

कुठल्या देशाची पेन्शन

आखातात राहिलेल्यांना पेन्शन नसतेच, नोकरी संपताना ग्रॅच्युइटी मिळते. यूएईत पहिल्या ५ वर्षांना दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढे ३० दिवसांचा मूळ पगार असा तिचा हिशोब. तिकडे पगारावर टॅक्स नाही (ओमान मात्र २०२८ पासून मोठ्या कमाईवर ५ टक्के लावतोय), त्यामुळे तिकडच्या टॅक्सची इथे वजावट, म्हणजे क्रेडिट, वगैरे भानगडच येत नाही. ग्रॅच्युइटी तिकडच्या खात्यात घेऊन मग यावं, एवढंच.

अमेरिकेचं प्रकरण लांबलचक. एकाच कमाईवर दोनदा टॅक्स लागू नये म्हणून केलेल्या भारत-अमेरिका करारावर १९८९ साली सह्या झाल्या, त्याच्या कलम २० प्रमाणे सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे तिकडच्या सरकारी पेन्शनवर, फक्त अमेरिकाच टॅक्स लावू शकते, भारत नाही. खासगी कंपनीची पेन्शन मात्र माणूस जिथे राहतो तिथे टॅक्सेबल. तिकडच्या रिटायरमेंट खात्यात दरवर्षी जी वाढ होते तिच्यावर इथे लगेच टॅक्स आणि तिकडे पैसे काढताना टॅक्स असा घोळ व्हायचा, तो कलम ८९ए ने मिटवला, अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडाच्या अशा खात्यांसाठी फॉर्म १०-ईई भरला की काढतानाच टॅक्स. फॉर्म एकदा भरला की मागे घेता येत नाही. आणि ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय त्यांचं रिटर्न तिकडेही जन्मभर सुरूच राहतं, उलट वर्ध्याच्या किंवा दारव्ह्याच्या बँकेतली खाती मिळून १०,००० डॉलरच्या वर गेली की ती अमेरिकेला कळवावी लागतात. कापसाचा चुकारा जमा झालेलं खातंही त्यात आलं.

इंग्लंडच्या स्टेट पेन्शनबद्दल एक कडू गोष्ट, भारतात राहणाऱ्याला ती दरवर्षी वाढून मिळत नाही, आला त्या दिवशी जी रक्कम तीच पुढे. अमेरिकेत राहायला गेलेल्या इंग्लिश पेन्शनरला मात्र वाढ मिळते. टॅक्सशी याचा थेट संबंध नाही, पण हिशोब मांडताना धरायला पाहिजे.

दोनदा कापलेला टॅक्स

पूर्ण रहिवासी झाल्यावर जगभरची कमाई इथल्या रिटर्नमध्ये येते. तिकडे कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट फॉर्म ६७ भरून मिळतं, पण दोन्हींतलं जे कमी तेवढंच. तिकडे दीड लाख कापले आणि त्याच उत्पन्नावर इथे ९०,००० बसत असतील तर ९०,००० चंच क्रेडिट, वरचे ६०,००० भारत सरकार देत नाही. करारात ठरल्यापेक्षा जास्त कापलं असेल तर तो जादा भाग इथे धरतच नाहीत, तो तिकडूनच रिफंड मागायचा, त्यासाठी इथून फॉर्म १०एफए भरून रहिवासी दाखला काढावा लागतो.

यातली गंमत नवीन रिजिममध्ये दिसते. २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत रहिवाशाला रिबेटमुळे टॅक्स शून्य, पेन्शनला ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन वेगळी. बऱ्याच परतलेल्यांचं उत्पन्न यातच बसतं. इथला टॅक्स शून्य म्हणजे क्रेडिटही शून्य, तिकडे कापलेले गेले ते गेलेच. म्हणून तिकडे मुळात कमी कापून घेणं, अमेरिकेत डब्ल्यू-८बीईएन फॉर्म (आपण तिकडचे नाही, भारताचे रहिवासी आहोत असं सांगणारा) देणं, हे इथल्या फॉर्म ६७ पेक्षा जास्त कामाचं आहे.

रुपयात बदलताना गुगलचा रेट चालत नाही. स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक ज्या दराने परकीय चलन विकत घेते तो, घ्यायचा, आणि तोही पेन्शनला आदल्या महिन्याच्या शेवटच्या तारखेचा, तर घरभाड्याला नि बँकेच्या व्याजाला ३१ मार्चचा. वर्षांचाही मेळ नाही, अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर, इंग्लंडचं ६ एप्रिल ते ५ एप्रिल. दोन-दोन स्टेटमेंट कापून जोडून बसावं लागतं.

शेड्यूल एफए

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे, आणि अडकतात ते टॅक्स चुकवणारे नाहीत, शून्य टॅक्सवाले. पूर्ण रहिवाशाकडे परदेशात एकही खातं, शेअर किंवा घर असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, रिटर्न भरणं सक्तीचं आहे, आणि ते आयटीआर-१ मध्ये चालत नाही, गावच्या सीएससीवाल्या पोराने दोनशे रुपयात सहज भरून दिलं तरी. आयटीआर-२ मध्ये शेड्यूल एफए आहे, त्यात देश, बँकेचं नाव-पत्ता, खाते नंबर, कधी उघडलं, वर्षातली सगळ्यात जास्त शिल्लक आणि शेवटची शिल्लक हे सगळं लिहायचं, आणि हे वर्ष मार्चचं नाही, ३१ डिसेंबरला संपणारं. दुबईत बंद न करता सोडून आलेलं पगाराचं खातं, त्यात शंभर दिरहॅम का असेना, लिहायचंच. पोराने अमेरिकेतल्या आपल्या खात्यात वडिलांचं नाव जोडलं असेल तर तेही. आरएनओआर असेपर्यंत हे शेड्यूल लागत नाही.

न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून घर-जमीन सोडून बाकी मालमत्ता मिळून २० लाखांच्या आत असेल तर हा दंड लावत नाहीत, पण दाखवायची जबाबदारी सुटत नाही. लपून राहील असंही नाही, २०१७ पासून परदेशी बँकांची माहिती आपोआप भारताकडे येते आणि २०२४ च्या नोव्हेंबरात आयकर खात्याने लोकांना मेसेज-ईमेल पाठवून रिटर्न सुधारायला सांगितलं होतं.

वावर, सातबारा आणि पीएम किसान

अनिवासी असेपर्यंत शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मिळते. परत येऊन रहिवासी झाला की घेता येते, पण भारतीय नागरिकाला, आणि विदर्भात १९५८ चा वेगळा कूळ कायदा लागतो, त्यात घेणारा शेतकरी असावा लागतो. ओसीआय कार्डवाल्याला, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला, शेतजमीन विकत घेता येत नाही, मग तो गावात कितीही वर्षं राहो.

इथल्या शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही, पण दर ठरवताना ते जोडतात. म्हणजे पेन्शन आणि भाडं करपात्र मर्यादेच्या वर असेल तर संत्र्याच्या बागेचे पैसे माफ असूनही पेन्शनवरचा टॅक्स वाढवतात. परदेशात शेत असेल तर त्याला माफी नाहीच.

पीएम किसानचा हप्ता अनिवासी माणसाला मिळत नाही आणि मागच्या असेसमेंट वर्षात आयकर भरलेल्यालाही मिळत नाही. माणूस आखातात असताना घरच्यांनी सातबारावर त्याच्या नावाने अर्ज टाकलेला असतो, हप्ते येत राहतात, आणि परत येऊन त्याने पहिलं खरं रिटर्न भरलं की वसुलीची नोटीस तहसीलमधून येते. ती रक्कम ऑनलाइन पोर्टलवरून परत करता येते, ते आधी उरकून मग रिटर्नला बसलेलं सोपं जातं.

६० वर्षांवरच्या रहिवाशाला धंद्याचं उत्पन्न नसेल तर ॲडव्हान्स टॅक्स भरावा लागत नाही, जुलैत रिटर्नसोबत एकदम भरला तरी व्याज लागत नाही. आयकर अधिकाऱ्यांना शिकवणारी राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी नागपुरात छिंदवाडा रोडवर आहे, पण तालुक्याला फॉर्म ६७ भरलेला सीए शोधायचा तर दोन-तीन ठिकाणी विचारावं लागतं, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तर कोणी दारातही उभं करत नाही.