गोव्यात घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर मदत कुठे मागायची, अर्ज कसा करायचा

आत्ता अंगावर हात पडतोय किंवा जीवाची भीती वाटतेय तर हे वाचत बसू नका, सरळ ११२ लावा. मार लागला असेल तर १०८ ची अँब्युलन्स. लगेच धोका नाही पण कुणाकडे जायचं तेच कळत नाहीय, तर १८१, ही बायकांसाठीची हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते आणि पैसे पडत नाहीत. नवरा फोन तपासत असेल तर शेजारणीच्या किंवा कामावरच्या फोनवरून लावा.

बऱ्याच जणी कागदांपाशी अडतात. लग्नाच्या नोंदणीची पहिली सही झाली, दुसरी राहिली (गोव्यात नोंदणी दोन सह्यांनी पुरी होते), आधार कार्ड सासूच्या कपाटात, मारल्याचा पुरावा कुठून आणू. अहो, सुरुवात करायला यातलं काहीच लागत नाही! आधी तुमचं म्हणणं लिहून घेतलं जातं, कागद मागनं जोडता येतात.

कायदा २००५ चा आहे, घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा, आणि तो फक्त बायकोसाठी नाही. लग्न न करता नवराबायकोसारखी एकत्र राहणारी बाई अर्ज करू शकते, त्यामुळे दुसरी सही राहिली म्हणून कुणी परत पाठवत असेल तर ऐकू नका. दारू पिऊन मुलगा मारतो ती आई, भाऊ घराबाहेर काढतोय ती बहीण, घरातली विधवा सून, सगळ्या यात येतात, आणि २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर सासू-नणंदेविरुद्धही अर्ज करता येतो. म्हाताऱ्या आईबापांना पोरं बघत नसतील तर २००७ चा वेगळा कायदा आहे, त्यांची हेल्पलाइन १४५६७, आणि तो बापालाही लागू होतो.

हिंसा म्हणजे नुसती मारहाण नव्हे. रोज घाणेरडं बोलणं, मुलगा होत नाही म्हणून टोमणे, मनाविरुद्ध शरीरसंबंध, माहेरी फोन करू न देणं, पगाराचं एटीएम कार्ड काढून घेणं, सगळं धरलं जातं. गृह आधार या गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या योजनेचे पैसे बँकेत आले की त्याच दिवशी नवरा घेऊन जातो आणि हिला भाजीला पैसे मागावे लागतात, ही कायद्याने आर्थिक हिंसाच आहे, आणि हे सांगायला बायका लाजतात म्हणून मुद्दाम लिहितेय.

आता जायचं कुठे. संरक्षण अधिकारी म्हणून सरकारने नेमलेले अधिकारी असतात, तुमच्या तालुक्यासाठी कोण ते १८१ वर किंवा पणजीच्या महिला व बालविकास संचालनालयात विचारा. ते तुमची हकीकत एका ठरलेल्या फॉर्मवर लिहून घेतात, त्याला डीआयआर म्हणतात, म्हणजे घरगुती घटनेचा अहवाल, आणि तो मॅजिस्ट्रेटकडे जातो, एक प्रत पोलीस स्टेशनला. उत्तर गोव्यात आणि दक्षिण गोव्यात सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथे समुपदेशन, वकिलाचा सल्ला आणि थोडे दिवस राहायची सोय एकाच ठिकाणी मिळते. पोलीस स्टेशन तर आहेच, पणजीला महिला पोलीस स्टेशनही आहे. आणि यातल्या कुणाकडेच जायचं नसेल तर वकिलामार्फत किंवा स्वतः थेट कोर्टात अर्ज टाकता येतो, डीआयआर नसला तरी, हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय. तुमच्या वतीने शेजारीण, बहीण, कामावरची मैत्रीण कुणीही कळवू शकते, चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर काही कारवाई होत नाही.

गावात पंच नाहीतर वाड्यावरचा कुणी मोठा माणूस म्हणतो थांबा, आधी आपण बसून मिटवूया. मिटवायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं, पण आधी समझोत्याला बसा मग तक्रार करा असा कुठलाच नियम नाही.

हॉस्पिटलचं मात्र नीट वाचा, कारण पुढची अर्धी केस इथे उभी राहते. बाई म्हापशाच्या जिल्हा हॉस्पिटलात किंवा बांबोळीला जाते, नवरा बरोबर असतो, डॉक्टर विचारतात काय झालं, आणि ती सांगते न्हाणीत पडले. केसपेपरवर तेच लिहिलं जातं, आणि सहा महिन्यांनी कोर्टात समोरचा वकील तोच पेपर पुढे करतो. म्हणून नवऱ्याला बाहेर थांबवा असं नर्सला सांगा आणि खरं बोला, कुणी मारलं, कशाने, कधी, आणि डॉक्टरने ते तसंच लिहिलंय का बघून घ्या. डीआयआर नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. जखमेचे फोटो त्याच दिवशी काढा आणि परत दोन-तीन दिवसांनी, कारण निळा डाग तेव्हा जास्त दिसतो.

कागद जे मिळतील ते जमवा, मूळ नाही मिळाले तर फोनवर फोटो काढून बहिणीला पाठवून ठेवा. लग्नाच्या नोंदणीचा दाखला, नसेल तर लग्नाचे फोटो किंवा पत्रिका, रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले, केसपेपर, धमक्यांचे व्हॉट्सॲप मेसेज (ते डिलीट करू नका, फोनही बदलू नका), बँक पासबुक, माहेरून आलेल्या दागिन्यांची यादी. नवऱ्याच्या पगाराचा एखादा कागद सापडला तर पोटगीच्या वेळी फार कामाला येतो, कारण तेव्हा दोघांनाही आपल्या कमाईचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

कोर्ट कुठलं? तुम्ही आता राहताय तिथलं चालतं, तात्पुरत्या राहत असलात तरी. डिचोलीत दिलेली सावंतवाडीची मुलगी माहेरी निघून गेली तर सावंतवाडीला अर्ज करू शकते, आणि तिकडे दिलेली पेडण्याची मुलगी पेडण्यात. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात वेळ जास्त जातो, म्हणून अर्जासोबतच अंतरिम आदेश, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश मागायचा, त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र लागतं. यात मारहाण थांबवण्याचा आदेश, घरखर्च, मुलांचा ताबा, दागिने परत, आणि घरात राहायचा हक्क मागता येतो. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून हक्क आपोआप जात नाही.

ही घटस्फोटाची केस नाही, संसार मोडायचा नसेल तरी करता येते. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी क्रूरपणे वागवल्याचा गुन्हा नोंदवायचा असेल तर तो वेगळा, पूर्वीचं ४९८अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, आणि दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

गोव्यात एक गोष्ट जास्त सांभाळा. इथल्या नागरी संहितेप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते, आणि जमीन-घर विकायला बायकोची सही लागते. भांडणाच्या दिवसांत कुणी कोरा कागद किंवा नोटरीचा कागद पुढे केला तर वाचल्याशिवाय, आणि वकिलाला दाखवल्याशिवाय, सही करू नका!

वकिलाला पैसे नाहीत ही अडचण खरंच अडचण नाही. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. एकट्याने जायची भीती वाटते तर बायलांचो साद, बायलांचो एकवोट अशा संघटना आहेत.

आदेशाची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या, फोटो काढून फोनमध्ये ठेवा, एक झेरॉक्स शेजारणीकडे ठेवा. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आहे, म्हणजे नवरा दारात येऊन परत धिंगाणा घालायला लागला तर नवीन अर्ज लिहीत बसायचं नाही, ११२ लावायचं आणि आलेल्या पोलिसाच्या हातात ती प्रत द्यायची.