परदेशी विद्यापीठासाठी कागदपत्रे: फाईल आणण्याआधी एवढे वाचा

मे-जून आला की आमच्या पुण्याच्या ऑफिसात जाडजूड फाईल घेऊन पालक येतात. "सगळंच भाषांतर करून द्या, राहायला नको काही!" फाईल उघडली की निम्मे कागद इंग्रजीतच असतात. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या गुणपत्रिका, सेमिस्टरच्या मार्कशीट यांना जर्मनीतल्या बहुतेक विद्यापीठांसाठी भाषांतर लागत नाही. त्यांना इंग्रजी चालते. तसे आम्ही सांगतो आणि ते कागद परत करतो. भाषांतर लागते ते मराठीतल्या शाळा सोडल्याच्या दाखल्याला, जुन्या जन्मदाखल्याला, कधी उत्पन्नाच्या दाखल्याला.

"सर्टिफाईड पाहिजे" याचा अर्थ मात्र जागेनुसार बदलतो. झेरॉक्सवर 'मूळ प्रतीबरहुकूम' असा शिक्का मारला की ती झाली खरी नक्कल. नोटरीचा शिक्का वेगळा. अपोस्टिल म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचे स्टिकर; त्यातून कागदावरची सही-शिक्का खरा आहे एवढेच कळते, मजकुराची हमी मिळत नाही. मंत्रालय २०१२ पासून लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच घेते. सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे, त्यावर एजन्सीचा आकार. शैक्षणिक कागदांवर त्याआधी राज्य सरकारचा शिक्का लागतो.

जर्मनीला जाणाऱ्यांनी अपोस्टिलवर खर्च करू नये. भारत २००५ मध्ये हेग अपोस्टिल करारात, म्हणजे एकमेकांची अपोस्टिल मान्य करणाऱ्या देशांच्या करारात आला, पण त्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतली, त्यामुळे आपले स्टिकर तिथे चालत नाही. त्यांना हवे असते एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमचे शैक्षणिक कागद तपासून जर्मन दूतावासाचे तपासणी केंद्र देते ते प्रमाणपत्र. १ नोव्हेंबर २०२२ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते सक्तीचे आहे. त्याचा अर्ज तुम्हीच करायचा, आणि लवकर करायचा, कारण हिवाळी सत्राच्या प्रवेशअर्जाची मुदत पुष्कळ ठिकाणी १५ जुलैला संपते. इटलीचे उलट आहे. तिथे अपोस्टिल चालते, पण आधी अपोस्टिल आणि मग भाषांतर असा क्रम ठेवा. स्टिकर नंतर लागले तर त्यावरचा मजकूर भाषांतरात येत नाही आणि काम पुन्हा करावे लागते.

लॅमिनेशन करू नका. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही आणि ते सोलताना कागद फाटतो. मुलाचे कौतुक म्हणून बारावीची गुणपत्रिका लॅमिनेट करणारे आईवडील आम्हाला दर हंगामात भेटतात. त्यांना बोर्डाकडून दुसरी प्रत काढायला पाठवताना आम्हालाच वाईट वाटते.

सगळ्यात जास्त वेळ खाते ते नाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे. पासपोर्टवर क्रम वेगळा. दाखल्यावर 'ज्ञानेश्वर' एवढेच असते, इंग्रजीत ते 'डी-एन'ने लिहायचे की 'जी-वाय'ने? आमचा नियम एकच: पासपोर्टवर जे स्पेलिंग, तेच भाषांतरात. म्हणून दाखल्याबरोबर पासपोर्टची झेरॉक्स आणाच. लग्नानंतर नाव बदलले असेल तर गॅझेटची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्रही आणा.

गावांच्या नावांचेही तसेच. २०१० च्या दाखल्यावर औरंगाबाद आणि आताच्या कागदावर छत्रपती संभाजीनगर असेल तर परदेशातल्या माणसाला ती दोन शहरे वाटतात. दाखल्यात जे छापले आहे ते आम्ही बदलत नाही, खाली भाषांतरकाराची टीप देतो. पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. त्याआधीच्या पदव्यांनाही तशीच टीप जोडतो.

शिक्के, हाताने लिहिलेले शेरे, 'वर्तणूक चांगली', खाडाखोड असे सगळे भाषांतरात येते. न वाचता येणाऱ्या जागी आम्ही 'अस्पष्ट' असेच लिहितो, अंदाज बांधत नाही. गुणांचे जर्मन श्रेणीत रूपांतरही करून देत नाही. ते विद्यापीठाचे काम.

काही देशांत कोर्ट किंवा सरकार शपथ देऊन भाषांतरकार नेमते; भारतात अशा शपथबद्ध भाषांतरकारांची सरकारी यादी नाही. विद्यापीठाने तसाच भाषांतरकार मागितला असेल तर त्यांची ईमेल आम्हाला दाखवा. काही वेळा त्या देशातल्याच भाषांतरकाराकडे जावे लागते, आणि तसे असेल तर आम्ही काम घेणार नाही.

येताना मूळ कागद, पासपोर्टची झेरॉक्स आणि विद्यापीठाच्या सूचनांचे पान आणा. दर पानावर ठरतो; कागद पाहून आधीच सांगतो.