मृत्युपत्रात आपलं नाव आहे का? पुण्यात शोध कसा घ्यावा

मृत्युपत्र वारसांना बोलावून वाचून दाखवलंच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे कोणी कळवेल म्हणून थांबू नये.

मृत्युपत्र नोंदवलेलं असेल तर काम बरंच सोपं. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 57 नुसार ते करणाऱ्याच्या हयातीत नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. निधनानंतर मात्र कोणीही मागू शकतो. दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज, मृत्यूचा दाखला आणि स्वतःचं ओळखपत्र द्यायचं. दस्त क्रमांक ठाऊक नसेल तर अंदाजे वर्षं लिहून शोध फी भरायची. मृत बाई असेल तर माहेरचं नावही लिहा.

बहुतेकांची गल्लत होते ती इथे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरचा मोफत शोध इंडेक्स टूचा, म्हणजे खरेदीखत, गहाणखत वगैरेंचा. मृत्युपत्रं पुस्तक क्रमांक 3 मध्ये असतात. ऑनलाइन काही दिसलं नाही म्हणजे मृत्युपत्र नाही, असं मुळीच नाही. शिवाय ते कोणत्याही दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येतं. हवेलीच्या (म्हणजे पुणे शहर परिसराच्या) कार्यालयांत सापडलं नाही तर मृत व्यक्ती पूर्वी राहत होती तिथे आणि मूळ गावच्या तालुक्यातही बघा. काही जण मृत्युपत्र बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवतात. निधनानंतर अर्ज केल्यावर लिफाफा अर्जदारासमोर उघडतात, खर्च अर्जदाराचा.

नोंदणी सक्तीची नाही, ही खरी अडचण. दोन साक्षीदारांच्या सह्यांचा साधा कागदही चालतो, आणि नंतरची तारीख असेल तर आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्रावर मात करतो. तेव्हा नक्कल हातात आली तरी घरातली कागदपत्रं, बँक लॉकर, वकील आणि सीए यांच्याकडे चौकशी करायचीच. बँकेत किंवा सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव आहे, एवढ्यावर विसंबू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

कोणी प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाचं शिक्कामोर्तब घ्यायला, गेलं असेल तर न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पुणे जिल्हा न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने शोधा. मृताचं आणि जवळच्या नातेवाइकांचं, दोन्ही नावं टाकून बघा, कारण अर्जदार बहुधा नातेवाईकच असतात.

शेतजमीन असेल तर महसूल विभागाच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावाच्या फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या) नोटिसा पाहत राहा. मृत्युपत्रावरून फेरफार धरला असेल तर मृत्युपत्राची प्रत तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) जोडलेली असते. हरकत नोटिशीपासून 15 दिवसांत, लेखी द्या आणि पोच घ्या.