आधी घोडीखाली, मग हवेत: अकूस्टिक गिटारच्या वायरलेस माइकची पार्श्वभूमी

गिटारच्या कडेला चिमट्याने लावलेला बोटभर माइक, वादकाच्या कमरेला ट्रान्समीटर आणि मागे एकही केबल नाही, हे दृश्य आता सवयीचं झालं आहे. दोन वेगळ्या गरजा तिथे एकत्र आल्या आहेत. वादकाला मोकळं फिरायचं होतं, आणि गिटारचा लाकडी नाद आहे तसा शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा होता. पहिली गरज तुलनेने सहज भागली. दुसरीने फार वाट पाहायला लावली, आणि माझ्या मते या इतिहासातलं खरं मोल तिच्यातच आहे.

गिटारचा आवाज मुळात लहान. वाद्यवृंदात तो बुडायचा, म्हणून आधीचे उपाय वाद्याच्या घडणीतच शोधले गेले: स्टीलच्या तारा, मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये बनवलेला मोठ्या पेटीचा ड्रेडनॉट, १९२७ च्या सुमाराची नॅशनलची धातूची गिटार. १९३० च्या दशकात चुंबकीय पिकअप, म्हणजे तारेच्या हालचालीचं विजेत रूपांतर करणारा भाग, आला आणि इलेक्ट्रिक गिटार जन्मली. १९५४ मध्ये गिब्सनने जे-१६०ई या अकूस्टिक गिटारमध्येही तसाच पिकअप बसवला. पण चुंबकाला फक्त स्टीलच्या तारेची हालचाल कळते. तबली, म्हणजे पेटीची वरची पातळ फळी, कशी बोलते हे त्याला कळत नाही, आणि नायलॉनची तार तर त्याच्या लेखी नसतेच.

मग समोर माइक ठेवायचा, तर फीडबॅक. गिटारची पोकळ पेटी साधारण १०० हर्ट्झच्या आसपास आपणहून घुमते. स्पीकरमधला आवाज तबलीला हलवतो, तबली माइकला ऐकवते आणि क्षणात घूं सुरू होतं. शिवाय वादक वीतभर सरकला तरी सुराचा पोत बदलतो.

यावर तोडगा निघाला तो पिझोचा. दाब पडला की काही स्फटिकांत वीज निर्माण होते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्येच दाखवलं होतं. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स केमन यांनी १९६० च्या दशकात ओव्हेशन गिटार आणली आणि पिझो घोडीखाली, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखाली, बसवला. आवाज मोठा झाला, फीडबॅक बराच कमी झाला. मात्र जोरात छेडलं की तार प्लॅस्टिकची असल्यासारखी टणटणते. कारण उघड आहे: पिझो घोडीवरचा दाब टिपतो, पेटीभोवतीची हवा त्याच्यापर्यंत येतच नाही.

तिकडे वायरलेसची वाट स्वतंत्रपणे चालू होती. शुअर कंपनीचा व्हॅगाबॉंड १९५३ चा, तोही मुख्यतः निवेदक-गायकांसाठी. गिटारवादकांना केबलपासून सोडवलं ते १९७० च्या दशकाच्या मध्यात केन शेफर यांच्या यंत्रणेने. दोन अँटेनांपैकी ज्याचा सिग्नल चांगला, तो ती निवडत असे. सोय हेच एकमेव कारण नव्हतं, केबलमुळे विजेचा धोकाही होता. १९७६ मध्ये फ्लोरिडातल्या लेकलँडला किस या रॉक बँडचे गिटारवादक एस फ्रेली यांना रंगमंचावर विजेचा जबर धक्का बसला होता.

ही यंत्रणा इलेक्ट्रिक गिटारला शोभली, अकूस्टिकला तितकी नाही. अॅनालॉग रेडिओत लहान-मोठ्या आवाजातलं सगळं अंतर मावत नाही, म्हणून पाठवताना ते निम्म्यावर दाबायचं आणि रिसीव्हरमध्ये पुन्हा ताणायचं, अशी पद्धत होती. भरदार, सलग आवाजात हे लपून जातं. पण अकूस्टिक गिटारचं सौंदर्य तार छेडल्यानंतर रेंगाळणाऱ्या आसेत असतं. नेमकी ती विरताना मागची खरखर वर-खाली होताना ऐकू येते.

दोन्ही वाटा जुळवल्या त्या इलेक्ट्रेट माइकने. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये तो घडवला. नेहमीच्या कंडेन्सर माइकला मिक्सरकडून ४८ व्होल्ट लागतात, कमरेच्या ट्रान्समीटरला तेवढे देणं जड जातं. इलेक्ट्रेटमध्ये विद्युतभार पडद्याजवळच कायमचा साठवलेला असतो, त्यामुळे थोडक्या व्होल्टवर भागतं. म्हणूनच माइक गिटारवरच बसवून बिनतारी करता आला.

पुढे डिजिटल प्रसारणाने दाबण्या-ताणण्याची गरज संपवली. अमेरिकेत रेडिओलहरींचा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१० मध्ये आणि ६०० चा बराचसा भाग २०२० पर्यंत वायरलेस माइककडून काढून घेतला गेला. परवान्याविना वापरता येणारा २.४ गिगाहर्ट्झ मग अनेकांना जवळचा वाटला. तिथे वाय-फायची गर्दी, आणि डिजिटलमध्ये काही मिलिसेकंदांचा उशीर. चार मिलिसेकंद म्हणजे स्पीकर सुमारे १.४ मीटर मागे सरकवल्यासारखं. ते चालतं, पण मांडीवरच्या गिटारचा थेट आवाज आणि हा उशिराचा आवाज वादकाच्या कानात मिसळले की सूर पोकळ वाटू शकतो.

फीडबॅक मात्र वायरलेसने सुटलेला नाही. उलट स्टँडवरचा माइक जागेवर तरी असायचा. आता वादक स्पीकरसमोर गेला की माइकही त्याच्याबरोबर जातो. म्हणून पुष्कळ वादक अजूनही घोडीखालचा पिझो काढत नाहीत. खर्ज त्याच्याकडून घेतात, माइकमधून येणारे खालचे सूर कापतात, आणि तबलीची हवा तेवढी माइकमधून वर आणतात.